आवाजाच्या वाटा

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण रोज व्हॅनने शाळेत येत असतील. व्हॅन म्हणजे चार चाकांवर बसविलेली पत्र्याची एक लांबट पेटीच. पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून तो हलविला, तर केवढा खडखडाट होतो! मग जिच्या पोटात इंजिन धडधडते आहे, जिच्या पायाखाली रस्ता खरखरतो आहे आणि जिच्या अंगावर वारा आदळतो आहे, अशा पेटीत बसणाऱ्यांच्या कानांची काय अवस्था होत असेल बरे? परंतु सवय ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. रोजचा गोंगाट आपल्या अंगवळणी पडतो आणि त्याकडे आपले लक्षच जात नाही. माझेही जात नव्हते. ते कसे गेले, ही हकीकत आज तुम्हांला सांगतो.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, घाटमाथ्यावर आहे. तेथून खाली तालुक्याच्या शाळेकडे रोज सकाळी एक जुनी व्हॅन जाते. सेवानिवृत्त झाल्यावर मीही आठवड्यातून दोन दिवस तिच्यातून ग्रंथालयात जाऊ लागलो. मी पुढे, चालकाच्या शेजारी बसत असे आणि मुले मागे. ह्या व्हॅनचे इंजिन पुढच्या आसनांच्या खालीच होते. त्यामुळे बोलायचे म्हणजे ओरडायचे, असा आमचा शिरस्ताच पडून गेला होता.

एके दिवशी घाट उतरत असताना मागून कोणीतरी माझा खांदा जोराने हलविला. मी वळून पाहतो तो काय! बाजूचे सरकते दार नीट लागलेले नव्हते. वळणावर ते वीतभर उघडले होते. त्याच्याजवळ बसलेली सहावीतील मुलगी दोन्ही हातांनी आसन घट्ट धरून ओरडत होती, “काका, दार! काका, दार!” ती किती वेळ ओरडत होती कोण जाणे! चालक तिच्यापासून अवघ्या दोन-तीन हातांवर होते. पण त्यांच्या कानांवर एक शब्दही पडला नव्हता. मी खूण केली. त्यांनी गाडी थांबविली. दार लावले. कोणाला काही इजा झाली नाही, हे आमचे सुदैव.

चालक काका घामाघूम झाले होते. ते म्हणाले, “गुरुजी, मला खरंच ऐकू आलं नाही हो. हल्ली घरीसुद्धा मंडळी म्हणतात, दोनदा सांगितल्याशिवाय तुम्हांला कळत नाही.”

ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. दाराची कडी त्याच दिवशी दुरुस्त झाली. पण कडीने दार बंद झाले, आवाजाचे काय? ह्या गाडीतील गोंगाट कमी केलाच पाहिजे, असे आम्ही ठरविले.

आमची चाचणी

गोंगाट कमी झाला की नाही, हे ठरवायचे कसे? नुसते “आता बरे वाटते” असे म्हणून भागत नाही. कारण खर्च केला की माणसाला बरे वाटतेच. म्हणून मुलांनी एक युक्ती काढली. वीस चिठ्ठ्यांवर वीस सोपे शब्द लिहिले. अगदी मागे बसलेल्या मुलीने ते नेहमीच्या आवाजात एकेक करून वाचायचे आणि चालकाच्या पाठीमागे बसलेल्या मुलाने ऐकू आले तसे वहीत लिहायचे. रस्ता तोच, पुलापासून मारुतीच्या देवळापर्यंतचा. वेग तोच, ताशी ४० किलोमीटर. खिडक्या बंद. मात्र चिठ्ठ्या दर वेळी नव्या. नाहीतर कानाऐवजी स्मरणशक्तीचीच परीक्षा व्हायची!

पहिल्या दिवशी वीसपैकी सहाच शब्द बरोबर आले.

आता उपाय करायचा. मी मराठीचा एम.ए.; मला वाटले, ह्यात काय मोठेसे! अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि जुनी गोधडी आणवून मी ती मागच्या बाजूस टाचून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घेतली. वीसपैकी सात! मुले हसू आवरीत होती. मी निमूटपणे ट्रे काढून टाकले आणि आम्ही गावातील मिस्त्रींकडे गेलो.

आवाज येतो कोठून?

मिस्त्रींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “गुरुजी, घरात पाणी गळत असलं, तर तुम्ही आधी काय करता? फरशी पुसता, की गळती कुठे आहे ते बघता?”

“गळती शोधतो,” मी म्हणालो.

“मग आवाजाचंही तसंच आहे. तो कुठून निघतो आणि कुठल्या वाटेनं आत येतो, ते आधी बघायचं. प्रत्येक वाटेला वेगळी नाकाबंदी लागते.”

मुलांनो, ह्या एका वाक्यात सारे शास्त्र आले आहे. धावत्या गाडीत आवाज मुख्यतः तीन ठिकाणी उत्पन्न होतो. पहिले ठिकाण इंजिन आणि धूर बाहेर टाकणारी त्याची नळी. दुसरे ठिकाण टायर आणि रस्ता ह्यांचे घर्षण. तिसरे ठिकाण गाडीच्या कडांवर आपटणारा वारा. गाडी सावकाश चालली असता इंजिनाचा आवाज वरचढ असतो. वेग वाढला की टायरांचा आवाज पुढे सरसावतो. त्याहून अधिक वेगात वारा घोंगावू लागतो.

आवाज आपल्या कानांपर्यंत दोन वाटांनी येतो. एक वाट हवेची. दाराच्या फटी, तारांसाठी पाडलेली भोके, काचांच्या कडा ह्यांतून तो सरळ आत शिरतो. दुसरी वाट पत्र्याची. इंजिन थरथरते, त्याची थरथर गाडीच्या सांगाड्यात जाते, सांगाड्यातून पत्र्यात जाते आणि पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा थरथरून आतल्या हवेला हलवितो. हवेतून ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. पोलादातून तो सुमारे ५००० मीटर जातो. म्हणजे धातू ही ध्वनीची जणू हमरस्त्याची वाट होय. माझ्या गोधडीने ह्या दोहोंपैकी एकही वाट अडविली नव्हती!

पहिली नाकाबंदी : मुळावर घाव

मिस्त्रींनी प्रथम गाडीखाली शिरून पाहणी केली. सायलेन्सरच्या नळीला गंजून भोक पडले होते. ते पाहताच त्यांचा चेहरा गंभीर झाला. “हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही,” ते म्हणाले. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो गाडीत शिरला, तर बसलेल्यांच्या जिवावर बेतते. ती नळी त्यांनी तत्काळ बदलली.

नंतर त्यांनी इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर टेकलेले असते, ते दाखविले. इंजिनाची थरथर सांगाड्यात जाऊ नये, म्हणून हे ठोकळे मध्ये बसविलेले असतात. आमच्या गाडीत ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तडकले होते. नवे ठोकळे बसविले. सैल झालेले नट-बोल्ट आवळले. टायर एकसारखे झिजले आहेत की नाहीत आणि त्यांतील हवा नेमकी आहे की नाही, हेही पाहिले. कारण वेडेवाकडे झिजलेले टायर रस्त्यावर गुरगुरतात.

ह्यात एकही महाग वस्तू लागली नाही. तरीही चाचणीत वीसपैकी दहा शब्द आले.

दुसरी नाकाबंदी : फटी बुजविणे

रात्री अंधारात मिस्त्रींनी एका मुलाला विजेरी देऊन व्हॅनमध्ये बसविले आणि दारे लावली. आम्ही बाहेरून पाहू लागलो. दाराच्या कडेने, तळाशी, पायाच्या दांड्यांजवळ जेथे जेथे उजेडाची रेघ दिसली, तेथे तेथे खडूने खूण केली. जेथून उजेड बाहेर येतो, तेथून आवाज आत येतो. दाराची रबरी पट्टी नीट दाबली जाते की नाही, हे पाहण्याची आणखी एक युक्ती त्यांनी दाखविली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावयाचे आणि पट्टी ओढावयाची. ती सहज निघून आली, तर रबर सैल झाले आहे असे समजावे.

“एवढ्याशा फटीनं काय होतं?” असे एका मुलाने विचारले. मिस्त्रींच्या वतीने त्याचे उत्तर मी दिले; कारण आता मीही पुस्तके चाळू लागलो होतो. आवाजाची तीव्रता डेसिबेल ह्या मापाने मोजतात. हे माप थोडे निराळे आहे. १० डेसिबेल वाढले, की ध्वनीची शक्ती दहापट होते. २० वाढले, की शंभरपट. आता अशी कल्पना करा, की एखादी भिंत इतकी उत्तम आहे, की तिच्यातून काहीच आवाज पलीकडे जात नाही. पण तिचा शंभरावा भाग उघडा राहिला आहे. तर त्या उघड्या भागातून शंभरावा हिस्सा आवाज आत येणारच. म्हणजे कितीही पैसे ओतले, तरी ती भिंत आवाज २० डेसिबेलपेक्षा अधिक उतरवू शकणार नाही. शंभरातील एका उघड्या भागाने उरलेल्या नव्याण्णव भागांचा उत्तमपणा फुकट घालविला!

नव्या रबरी पट्ट्या बसविल्या. तारांच्या भोकांत रबरी बुचे बसविली. दाराच्या तळाशी असलेली बारीक भोके मात्र मिस्त्रींनी मोकळीच ठेवली. पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असतात. चाचणीत तेरा शब्द आले.

तिसरी नाकाबंदी : थरथर शमविणे

आता पत्र्याची पाळी आली. मिस्त्रींनी बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक केली. पत्रा ‘ठण्ण’ असा वाजला. मग त्यांनी जेवणाच्या डब्याचे झाकण दोरीला टांगून त्यावर चमचा मारला. झाकण घणघणू लागले. त्यावर त्यांनी नुसते बोट टेकविले. नाद तेथल्या तेथे थांबला.

ह्यालाच कंपांचे अवमंदन म्हणतात. पत्र्यावर ब्यूटाइल रबराची चिकट चादर बसवितात. तिच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असतो. पत्रा थरथरू लागला, की मधले रबर ताणले जाते आणि थरथरीची शक्ती किंचित उष्णतेच्या रूपाने विरून जाते. पत्रा आधी स्पिरिटने स्वच्छ पुसून ही चादर रुळाने घट्ट दाबून बसवावी लागते. मध्ये हवा राहिली तर उपयोग होत नाही. गंमत अशी, की सारा पत्रा झाकण्याची गरज नसते. प्रत्येक मोठ्या पत्र्याच्या मधल्या, सर्वांत अधिक थरथरणाऱ्या भागावर ती लावली, तरी पुष्कळ काम होते. आता टकटक केली, तर ‘ठण्ण’ऐवजी ‘ठप्प’ असा आवाज आला.

चौथी नाकाबंदी : जड पडदा

इंजिनावरील झाकण आणि गाडीचा तळ येथून येणारा जाड घरघराट अजून उरला होता. मिरवणुकीतील ढोलताशे तुम्ही बंद घरातून ऐकले असतील. ताशाचा तडतडाट बाहेरच राहतो. पण ढोलाचा घुमार भिंतीतून आत येतो. जाड, खालचा स्वर अडविणे नेहमीच अवघड. त्याला वजनच लागते. पडद्याचे वजन दुप्पट केले, की पलीकडे जाणारा आवाज साधारणपणे ६ डेसिबेलने उतरतो. म्हणून मिस्त्रींनी तळावर पाणी न शोषणाऱ्या फोमचा थर दिला आणि त्यावर जड रबरी चादर अंथरली. इंजिनाच्या झाकणाला आतून उष्णता सोसणारे व पेट न घेणारे आच्छादन लाविले. “इंजिनाजवळ गोधडी, कापूस, पुठ्ठा कधी ठेवायचा नाही,” असे ते माझ्याकडे पाहून म्हणाले. मी मान खाली घातली.

परंतु वजनाचाही हिशेब ठेवावा लागतो. जड झालेली गाडी इंधन अधिक खाते. तेव्हा जेथे गरज, तेथेच वजन. ह्या दोन उपायांनंतर चाचणीत सोळा शब्द आले.

पाचवी नाकाबंदी : आतला आवाज शोषणे

तरीही गाडीत शिरलेला आवाज उघड्या छताच्या पत्र्यावर आपटून पुन्हा पुन्हा फिरत होता. येथे मला एक जुनी गोष्ट आठवली.

१८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर एक कामगिरी सोपविण्यात आली. तेथील एका नव्या सभागृहात व्याख्यान मुळीच समजत नसे. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढच्या शब्दांत मिसळून जाई. सबाइनने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून त्या सभागृहात आणल्या, ऑर्गनची नळी वाजविली आणि घड्याळ हाती धरून नाद किती वेळ टिकतो ते मोजले. एकेक गादी वाढवीत तो हे मोजीत गेला आणि सकाळ होण्यापूर्वी गाद्या परत नेऊन ठेवीत असे. त्याच्या ह्या परिश्रमांतून ध्वनिशोषणाचे शास्त्र जन्मास आले. १९०० साली उघडलेले बोस्टनचे विख्यात संगीतगृह त्याच ज्ञानाच्या आधारे बांधले गेले.

आम्हीही छताला आतून जाड नमद्याचा थर लाविला आणि त्यावर सच्छिद्र कापड ताणून बसविले. मऊ व सच्छिद्र वस्तूत ध्वनिलहरी शिरतात आणि तिच्या असंख्य तंतूंत घुसमटून विरतात. हेच माझ्या गोधडीचेही काम होते. पण दारे सताड उघडी ठेवून घरात उदबत्ती लावावी, तसे मी ते सर्वांत आधी केले होते! आता चाचणीत वीसपैकी अठरा शब्द आले.

पूर्ण शांतता काही आली नाही. व्हॅनमध्ये ती येतही नाही. पण आता आम्हांला एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ लागले.

कानांचे मोल

ह्यानंतर आम्ही चालक काकांना डॉक्टरांकडे नेले. कान तपासल्यावर डॉक्टरांनी जे सांगितले, ते तुम्हीही लक्षात ठेवा. आपल्या प्रत्येक कानात शंखाच्या आकाराची एक इवलीशी नळी असते आणि तिच्यात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीचा संदेश मेंदूकडे पाठविण्याचे काम त्या करतात. सततच्या गोंगाटाने त्या मरू लागतात. डोक्यावरचे केस कापले तर पुन्हा येतात. ह्या पेशी पुन्हा येत नाहीत. ८५ डेसिबेलच्या गोंगाटात दिवसाचे ८ तासांहून अधिक राहू नये, असे तज्ज्ञ सांगतात. त्यांतील काहींच्या मते आवाज तेथून केवळ ३ डेसिबेल वाढला, तरी ती मुदत निम्मी, म्हणजे ४ तासांची होते.

चालक काकांचे गेलेले ऐकणे परत येणार नव्हते. उरलेले मात्र राखता येणार होते. गाडीतून बाहेर पडल्यावर ते मला हळूच म्हणाले, “गुरुजी, हे वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर!”

मुलांनो, म्हणूनच हा पाठ मी तुमच्यासाठी लिहिला आहे. गोंगाट कोठून येतो, हे शोधण्यास फार विद्वत्ता लागत नाही. शांतपणे कान देणे, एका वेळी एकच बदल करणे आणि मोजून पाहणे, एवढे पुरे. गाडी शांत झाली, म्हणून तिच्यात मोठ्याने गाणी लावू नका. नाहीतर बाहेरचा गोंगाट घालवून आपण आतला विकत घेतल्यासारखे होईल.

मागच्या शनिवारी आम्ही घाट उतरत होतो. तीच मुलगी आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “काका, माझी पिशवी दारात अडकली आहे.” काकांनी लगेच गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून ते हसले. तिला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

शब्दार्थ

शिरस्ता – रूढ पद्धत. नाकाबंदी – येण्याजाण्याची वाट अडविणे. वरचढ – अधिक बलवान. अवमंदन – कंप हळूहळू शमविणे. सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेला. नमदा – लोकर दाबून केलेले जाड कापड. विजेरी – हातात धरण्याचा विजेचा दिवा. शोषणे – आत ओढून घेणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धावत्या गाडीत आवाज कोणत्या तीन ठिकाणी उत्पन्न होतो?
(आ) सायलेन्सरच्या नळीला पडलेले भोक मिस्त्रींना धोक्याचे का वाटले?
(इ) चाचणीच्या चिठ्ठ्या दर वेळी नव्या का घेतल्या?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आवाज कानांपर्यंत कोणत्या दोन वाटांनी येतो?
(आ) लेखकाचा गोधडीचा उपाय आधी का फसला आणि तशाच प्रकारचा उपाय शेवटी का साधला?
(इ) “शंभरातील एका उघड्या भागाने उरलेल्या नव्याण्णव भागांचा उत्तमपणा फुकट घालविला,” ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. पाठात आलेले ध्वनिवाचक शब्द शोधून लिहा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा. उदाहरणार्थ, खडखडाट.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : अंगवळणी पडणे, मनात घर करणे, जिवावर बेतणे, मान खाली घालणे.

५. करून पाहा. गजराचे घड्याळ पत्र्याच्या डब्यात ठेवून गजर ऐका. मग (अ) घड्याळाखाली जाड घडी ठेवून, (आ) झाकण घट्ट लावून, (इ) डब्याला आतून मऊ कापड लावून पुन्हा ऐका. एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलाने आवाजाची कोणती वाट अडली, ते वहीत लिहा.